सया तेझांचं अदृश्य यंत्र

सया तेझांच्या, म्हणजे तेझा गुरुजींच्या, दिवाणखान्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग फाटकाबाहेर रस्त्यावर आला होता. फौजेने सत्ता घेतल्यापासून म्यानमारमधल्या पखोक्कूत फेसबुक बंद होतं. व्हीपीएन टाकून चोरवाटेने जायचं, तर एक चित्र उघडेपर्यंत पुढ्यातला चहा थंड व्हायचा, आणि नाक्यावर शिपायाला व्हीपीएन फोनमध्ये सापडलं तर थेट तुरुंग. इथे मात्र शिष्य फोन नेऊन बुद्धमूर्तीच्या पायाशी ठेवायचा, सया फोनच्या पाठीवर सोनेरी कागदाचं यंत्र चिकटवून फुंकर मारायचे, आणि परदेशातली लेक शेजारच्या खोलीत असल्यासारखी पडद्यावर हसायची.

"वेग कुणाचा?" सया विचारायचे.

"वायुदेवाचा!" लोक ओरडायचे.

"आणि दिसणार कुणाला?"

"कुणालाच नाही!"

"शेटजी, तुम्ही व्हा शिपाई. घ्या झडती!"

तांदळाच्या व्यापाऱ्याने एका फोनवर बोटं फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. व्हीपीएनचं चिन्ह कुठेच नव्हतं. लोकांनी हात जोडले.

त्या गर्दीत बसलेल्या ओन चिने आपल्या मुलाचा हात दाबला. झेया यांगोनला निघाला होता. जहाजावरच्या नोकरीसाठी त्याची वैद्यकीय तपासणी तिथे व्हायची होती आणि परदेशी कंपनीची माणसं व्हिडिओवर मुलाखत घेणार होती. चित्र अडकलं की नोकरी गेली. म्हणून त्याला वेगवान व्हीपीएन हवं होतं.

आधी तो थिडा बाईंकडे गेला होता. फौजेविरुद्धच्या संपात सरकारी शाळा सोडलेल्या या बाई शेजारीच राहायच्या आणि घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या.

"बाई, सगळ्यात वेगवान कुठलं?"

"वेगाचं तिथे पोचल्यावर बघ. फुकटातलं घेऊ नकोस, ते आपल्याच घरात चोरी करतं. यांगोनला दोन-तीन वापरून बघ, चालेल ते ठेव. पण रस्त्यात फोनमध्ये काही नको. निघताना सगळं पुसून टाक."

"आणि तिथे गेल्यावर मिळालंच नाही तर?"

"तिथे मामेभाऊ आहे ना तुझा? त्याच्या फोनवरून घे. कटकट आहे बाबा, पण धडधाकट पोचशील."

ओन चिला ते फार कोरडं वाटलं होतं. देवाचं पाठबळ मिळत असताना पुसापुशी कशाला करायची? तीच झेयाला सयांकडे घेऊन आली. यंत्र लावलेला फोन पिशवीत घालून तो त्याच दिवशीच्या बसने निघाला.

तिसऱ्या प्रहरी बसचा कंडक्टर झेयाची पिशवी घेऊन ओन चिच्या दारात उभा राहिला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"मावशी, नाक्यावर उतरवलं त्याला. शिपायाने फोनच्या पाठीवरचं यंत्र नखाने खरवडलं, हसला, आणि सेटिंगमधली यादी उघडली. व्हीपीएन तिथेच होतं. धरून नेलं त्याला."

ओन चि अनवाणी सयांकडे धावली. सयांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"निघायच्या आधी पिशवी कुठे होती?"

"अंगणात, सया. दोरीखाली."

"दोरीवर काय वाळत होतं?"

"माझी नेसायची लुंगी."

"बाईमाणसाच्या लुंगीखाली माझं यंत्र!" सया हळू आवाजात म्हणाले. "शक्ती उतरली. पोरगा तू घालवलास, ओन चि."

त्यानंतर ती घरात चूल पेटवेनाशी झाली. स्वतःची लुंगी संडासामागे, कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशी वाळत घालू लागली. झेयाच्या अंथरुणाला हात लावायचा झाला तरी आधी हात धुवायची. एके दिवशी थिडा बाईंनी तिला ओली लुंगी घेऊन संडासामागे जाताना पाहिलं.

"ताई, हे काय चाललंय?"

ओन चिने सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. पण त्या ओरडल्या नाहीत. "ती लुंगी आण," एवढंच म्हणाल्या, "आणि चल माझ्याबरोबर."

सयांच्या घरी पुन्हा तीच गर्दी होती. बाईंनी आपला फोन शिष्याच्या हातात दिला. यंत्र चिकटलं, फुंकर बसली, आणि मलेशियात पेनांगला असलेली त्यांची बहीण पडद्यावर आली.

बाईंनी सगळ्यांसमोर यंत्र सोलून काढलं. बहीण बोलतच राहिली. मग त्यांनी ओन चिच्या हातातली लुंगी घेतली आणि फोन तिच्यात गुंडाळला. पुढे बसलेली दोन माणसं दचकून मागे सरकली.

लुंगीतून आवाज आला, "ताई! अगं अंधार कसा झाला? दिवे गेले का?"

कुणीतरी फिसकन हसलं. ओन चि मात्र हसली नाही. ती त्या कापडाकडे एकटक बघत राहिली.

"आता हे यंत्र परत चिकटवते," बाई म्हणाल्या, "आणि रस्त्यावर जाते. या सगळे." फाटक ओलांडून चार पावलं गेल्यावर बहिणीचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं.

"वायुदेव फाटकापर्यंतच येतो वाटतं," बाई म्हणाल्या. "वर बघा. टाकीमागे ती थाळी दिसते? परदेशी उपग्रहाच्या इंटरनेटची लाईन आहे ती. फोन मूर्तीच्या पायाशी नेतो ना शिष्य, तेव्हा तिला जोडतो. आणि चिन्ह लपवायची सोय प्रत्येक फोनमध्ये असते. शेटजी, या, सेटिंगमध्ये कुठे बघायचं ते दाखवते."

शेटजींनी पाहिलं. सापडलं. ते खाली मान घालून उभे राहिले.

"हा धर्माचा अपमान आहे!" सया दारातून ओरडले. "पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा. आधी छतावरची ती चोरटी थाळी दाखवू त्यांना."

सया आत गेले. काहींनी यंत्रं सोलून गटारात टाकली. काहींनी खिशात ठेवली.

एक म्हातारी पुढे आली. "पण बाई, मग आमची पोरं आम्हाला दिसायची कशी?"

"सावकाश," बाई म्हणाल्या. "अडखळत, आजी. पण तुरुंगाबाहेर."

ओन चि घरी आली. तिने लुंगी अंगणातल्या दोरीवर वाळत घातली आणि तिथेच बसून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

तुरुंगातली पहिली भेट मिळाली तेव्हा पावसाळा सरत आला होता. तिने तळलेले मासे आणि आंबवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर नेली. झेया वाळला होता. दोन जाळ्यांपलीकडून त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं.

"आई, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "शिपाई बसमध्ये चढला तेव्हा माझ्या मनात शंका आली. वाटलं, यंत्र काम करणार नाही. रोज तेच डोक्यात येतं. मीच श्रद्धा ठेवली असती तर..."

"नाही रे बाळा." ओन चिने जाळीत बोटं रोवली. "तिथे काही नव्हतंच. नुसता सोनेरी कागद. ना तू बाटवलास, ना मी. मी डोळ्यांनी बघून आलेय."

पहारेकऱ्याने वेळ झाल्याची खूण केली.

"शंका आली ते चुकलं नाही तुझं," ती घाईघाईने म्हणाली. "उशिरा आली एवढंच. सयांच्या दारातच यायला हवी होती. तुला, आणि तुझ्याआधी मला."