साहेबांच्या नावानं तारीख

आपल्याकडे माणूस गेला की पहिली चर्चा होते ती फोटोच्या मापाची. ‘सोबत’ संस्थेच्या कचेरीतही त्या दुपारी तेच चाललं होतं. संस्थेचे अध्यक्ष, वकील मधुसूदन टाकळकर वारले होते. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले सरकारी खर्चानं लढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अशा कैद्यांच्या घरच्यांना आधार हवा म्हणून ही संस्थाही त्यांनीच काढली होती. गुरुवारी सकाळी त्यांची श्रद्धांजली सभा होती.

केशव हा साहेबांचा जुना ज्युनियर आणि आता संस्थेचा सचिव. साहेब गेल्यापासून त्याला रडू आलं नव्हतं, की धड भूकही लागत नव्हती. हार झेंडूचा की शेवंतीचा, असं कुणी विचारलं की तो नुसतं “चालेल” म्हणायचा.

तेवढ्यात लासूर स्टेशनहून सरूबाई आली. पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून तिचा नवरा बन्सी हर्सूलच्या तुरुंगात होता. गुन्हा शाबीत झालेला नव्हता, तरी गावानं त्याला चोर ठरवून टाकलं होतं. गाव अशा कामात कोर्टापेक्षा चपळ असतं.

“वकीलसाहेब, गुरुवारी आमच्या मालकाच्या जामिनाचं बोलनार हाय ना तुमी?”

“त्या दिवशी साहेबांची सभा आहे, बाई. आम्ही पुढची तारीख घेतोय.”

“म्हंजी फुडल्या म्हैन्यात?”

“बहुतेक.”

“मामंजी तवर ऱ्हायचे नाय,” सरूबाई म्हणाली. “लई कठीण हाय त्यांचं. दाराकडं बघत्यात अन् लेकाला हाका मारत्यात.”

“बघू,” केशव म्हणाला आणि पुन्हा खुर्च्यांच्या हिशोबाला लागला. आपण निर्दय वागलो, हेसुद्धा त्याला जाणवलं नाही. सरूबाई थोडा वेळ उभी राहिली आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

संध्याकाळी फोटो आणायला तो मुकुंदवाडीला साहेबांच्या घरी गेला. साहेबांच्या पत्नी अनसूयाबाई यांनी कपाटातून फोटो काढला आणि पदरानं काच पुसली.

“गुरुवारी कोर्टाच्या बोर्डावर काय काय होतं रे?” त्यांनी विचारलं.

“एक जामीन होता, काकू. तारीख घेतोय.” केशवनं बन्सीची हकिकत सांगितली, त्याच्या बापाचंही सांगितलं.

“आणि तरी तारीख घेतोयस?”

“रीतच आहे, काकू. वकील गेला की काम बाजूला ठेवायचं. साहेबांचा मान म्हणून.”

“मान ह्यांचा आणि भोगायचं बन्सीच्या बापानं? तुम्ही दोन शब्द बोलून मोकळे होता, केशव. आतल्या माणसाला तो महिना काढावा लागतो.” अनसूयाबाईंचा आवाज चढला नव्हता. “ह्यांच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं?”

“मी.”

“का?”

“दमयंतीताईंचं विमान उशिरा आलं.”

“माझी लेक चिकलठाण्याला उतरली तेव्हा सगळं संपलं होतं. अजून ती स्वतःला दोष देते. तिला तर कुणी अडवलं नव्हतं. बन्सीला तू अडवतोयस.”

फोटो तिथंच टेबलावर ठेवून केशव उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत काहीतरी दुखलं.

गुरुवारी सभागृहात साहेबांच्या गुणांवर भाषणं चालू होती आणि सचिवाची खुर्ची रिकामी होती. ते पाहून काहींनी नाकं मुरडली. सचिव त्या वेळी कोर्टात उभा होता.

“आज सभा ना तुमची?” सरकारी वकील हळूच म्हणाले. “तारीख घ्या, माझी हरकत नाही.”

“माझी आहे!” केशव म्हणाला.

त्यानं युक्तिवाद केला आणि जामीन मंजूर झाला. गावचा पुंजाराम सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभा राहिला. कागदपत्रं पुरी होऊन संध्याकाळी बन्सी सुटला आणि पुंजारामाबरोबर थेट गावाकडं गेला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत सरूबाईचा फोन आला. “मामंजी गेले, साहेब. पहाटं. पर लेकाच्या हातचं पानी पिऊन गेले. वळखलं त्यांनी.”

केशवनं फोन ठेवला आणि सगळ्यांदेखत, लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला अडवलं नाही.

पुढच्या बैठकीत त्यानं ठराव मांडला, ‘आपल्यापैकी कुणीही गेलं, तरी त्या कारणासाठी एकाही कैद्याची तारीख पुढं ढकलायची नाही. श्रद्धांजली कोर्ट सुटल्यावर वाहायची.’ अनसूयाबाईंनी अनुमोदन दिलं आणि ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांनीही हात वर केले.

मंडळी, गेलेल्या माणसाला मान जरूर द्यावा. पण तो आपल्या पदरचा द्यावा, दुसऱ्याच्या आयुष्यातले दिवस काढून देऊ नये.