कंपनी बुडाली तरी मी तापतो

मित्रांनो, घोडेगावाहून भीमाशंकरकडे निघालात की वाटेत शिनोली लागते. तिथे रस्त्याकडेच्या एका घराच्या स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून एक जुना सोलर बंब बसलेला दिसेल. तोच मी. मोटारीतली मुलं माझ्याकडे बोट दाखवतात तेव्हा मी अजूनही जरा ताठ होतो.

माझा जन्म १९९७ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पोटात काळ्या रंगाच्या तांब्याच्या नळ्या, वर काच आणि पाठीशी गरम पाण्याची टाकी. सोबत दहा वर्षांच्या गॅरंटीचं चकचकीत कार्डही होतं. घोडेगावचे दुकानदार रूपचंदशेट यांनी मला टेम्पोतून भिमाजींच्या घरी आणलं.

भिमाजींनी मला हौसेखातर घेतलं नव्हतं. त्यांच्या पत्नी साळुबाई यांना दमा होता. स्वयंपाकाला गॅस आला होता, पण सहा माणसांच्या अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापायचं, आणि तो धूर साळुबाईंच्या छातीत जायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरापासून लांब राहा. मी आलो आणि ती चूल विझली. पहिल्या दिवशी साळुबाईंनी नळाखाली हात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

"अगं बाई! लई कढत हाय की!"

त्यांनी वर येऊन मला हळदकुंकू लावलं. आळीतल्या बायका मला पाहायला जिना चढून आल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आषाढ-श्रावणात मात्र ढगांपुढे माझं काही चालत नसे. पाणी कोमट आलं की भिमाजी कुरकुरत. साळुबाई म्हणायच्या, "आसू द्या, त्याला बी सुट्टी पायजेल." असं कोण म्हणतं हो यंत्राबद्दल?

२००२ साली वर्षाच्या तपासणीला येणारा मेकॅनिक आलाच नाही. फोन नुसता वाजत राहिला. रूपचंदशेट पुण्याला जाऊन आले, तर कारखान्याच्या फाटकाला कुलूप. कंपनीचं दिवाळं वाजलं होतं. मी बिचारा त्यानंतरही वर्षभर मुकाट तापत राहिलो.

पुढच्या वर्षी दसरा काढण्याचे दिवस आले. आमच्याकडे नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर धुतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. स्लॅबवरच्या वाळवणाच्या वलण्या भरल्या, कठडा भरला, तरी चार गोधड्या उरल्या. साळुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो दिसभर तापतोय. ह्याच्यावर बिगीनं वाळत्याल." आणि चारही ओल्या गोधड्या माझ्या काचेवर आल्या! जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली आमच्याकडची ओली गोधडी एकट्याला उचलत नाही. काच कट्‌कन फुटली, खालचा नळीचा सांधा वाकला आणि पाणी गळू लागलं. साळुबाई डोक्याला हात लावून तिथेच बसल्या.

"माज्याच हातानं केलं म्या."

मला त्यांचा राग आला नाही. चूक झाली, पण मायेपोटी झाली. घरात मलाच त्या सगळ्यात कामाचा समजत होत्या.

भिमाजी कार्ड घेऊन दुकानात धावले. रूपचंदशेट स्वतः त्यांच्याबरोबर घरी आले. "भाऊ, ह्या कार्डाला जबाब देनारं कोनी उरलं नाय," ते म्हणाले. "ग्राहक मंचात जाता येतं, पन बंद कंपनीला पकडायचं कुठं? आन गोधड्यांची गॅरंटी कोन देतंय?" मग मंचरहून दुसऱ्या कंपनीचा माणूस आला. जिन्यातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "दुसऱ्याच्या मालाला आमी हात लावत न्हाई. नवीन घ्या." शेवटी भंगारवाला आला आणि माझ्या नळ्यांवरून हात फिरवू लागला. माझं पाणी पाणी झालं असतं, पण पोटात पाणीच नव्हतं.

इकडे न्हाणीतली चूल पुन्हा पेटली होती. तिसऱ्या दिवशी साळुबाईंचा खोकला मला स्लॅबवर ऐकू येऊ लागला. पाचव्या दिवशी त्यांना बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. मी उन्हात रिकामा पडून ते ऐकत होतो. इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो.

"जाऊ दे, मोडीत घालू," भिमाजी म्हणाले.

साळुबाई धापा टाकत वर आल्या. फुटक्या काचेतून बोट घालून त्यांनी नळी नखाने खरवडली. काळ्या रंगाखाली लाल तांबं चमकलं.

"आवं, हे तांबंच हाय ना? मंग तांबटाला का न्हाई दावत?"

भिमाजींनी लगेच रूपचंदशेटांना निरोप धाडला. पुण्याचं यंत्र म्हणून सगळे पुण्याकडेच बघत बसले होते! रूपचंदशेट दुसऱ्याच दिवशी जुन्नरहून धर्माजी तांबटांना स्कूटरवर बसवून घेऊन आले. धर्माजींनी जन्मभर हंडे नि बंब घडवले होते, सोलर कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली.

"वैनी, ह्यो आपला बंबच हाय. निस्ता आडवा झोपलाय."

त्यांनी वाकलेला सांधा सरळ केला, डाख दिला आणि पाणी सोडून पाहिलं. थेंबही गळला नाही. घोडेगावात तसबिरींना काचा बसवणाऱ्याकडून जाड काच आली. मग रूपचंदशेट धर्माजींना घेऊन पिंपळवंडीपर्यंत फिरले. त्यांनी विकलेले माझे आठ भाऊ असेच कुठे ना कुठे गळत पडले होते, तेही पुन्हा तापू लागले.

मित्रांनो, वस्तू घडवणारे बुडाले म्हणून वस्तू मरत नाही. ती मोडीत काढण्याआधी जरा वाकून बघा, ती कशाची केली आहे आणि ते काम जाणणारं माणूस तुमच्या जवळपास आहे का. आणि महिन्यातून एकदा माझ्यासारख्याच्या काचेवरची धूळ पुसा. एवढंच मागणं आहे.

आता २००९ साल चालू आहे. त्या दुरुस्तीनंतर न्हाणीतली चूल पुन्हा पेटलेली नाही. चार शब्द बोलताना ज्यांना थांबावं लागत होतं, त्या साळुबाई सकाळी अंघोळ करताना मोठ्याने ओवी म्हणतात. मी वर बसून ती शेवटपर्यंत ऐकतो.