बीरानिक्कांचा कान

केरळात, कोळिकोडच्या कल्लायी भागातल्या लाकूडवखारीत एकेचाळीस वर्षं करवतीशेजारी उभं राहून बीरानिक्कांनी साग मोजला आणि कान घालवले. कान काही एकदम गेले नाहीत. आधी डासांची गुणगुण गेली, मग कुकरची शिट्टी, मग बायकोचं पुटपुटणं. यातलं काहीच परत यावं असं त्यांना वाटेना, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. पुढे गाण्यातला तंबोरा गेला तेव्हा मात्र कुणाला तरी सांगावं असं त्यांना वाटलं. पण तोवर ते वलियंगाडी बाजारातल्या श्रोता मंडळाचे जुने सभासद होऊन बसले होते. तिथं ‘मला नीट ऐकू येत नाही’ म्हणणं म्हणजे आचाऱ्यानं ‘मला चव कळत नाही’ म्हणण्यासारखं होतं.

मंडळ भरायचं वल्लभजी शेठच्या तांदळाच्या गुदामावरच्या खोलीत, दर रविवारी दुपारी, बिर्याणी जिरायच्या वेळेला. शेठचे पणजोबा कच्छहून कोळिकोडला आले, ते परत गेलेच नाहीत. आता शेठची गुजराती मोडकी आणि मल्याळम फर्डी होती. खोलीत नऊ खुर्च्या, एक तबकडीयंत्र आणि लिंबू पिळलेला काळा चहा. सुरुवात नेहमी एकाच प्रश्नानं व्हायची. अध्यक्ष उण्णी माश, म्हणजे उण्णी मास्तर, चष्मा पुसत विचारायचे, “हं, सध्या काय ऐकताय?”

मग प्रत्येकानं सांगायचं. सांगायचं म्हणजे शेजाऱ्याला खाली पाडायचं. एकानं रामपूरच्या दरबारी गवयाचं नाव घेतलं, की दुसरा त्या गवयाच्या गुरूचं घ्यायचा. तिसऱ्याकडे त्या गुरूच्या थोरल्या भावाची अशी एक ध्वनिफीत असायची, जिच्यात गाणं कमी आणि खोकला जास्त होता; पण खोकलासुद्धा म्हणे सुरात. दातांचे डॉक्टर पवित्रन एकदा डोळे मिटून म्हणाले, “मी सध्या काहीच ऐकत नाही. शांतता ऐकतोय.” त्या रविवारी सगळ्यात जास्त माना त्यांच्यासाठी डोलल्या. सिनेमातल्या गाण्याचं नाव काढायला मात्र बंदी होती. खिशातले फोन वाजले की सगळ्यांच्याच फोनमधून सिनेमातलीच गाणी बाहेर पडत. पण ते नातवंडांनी घातलेलं असायचं.

बीरानिक्का पूर्वी या चढाओढीत शेवटचे असत. कान गेल्यापासून ते पहिले आले. ऐकूच येत नसल्यामुळे ते बोलेनासे झाले आणि न बोलण्यामुळे त्यांचं वजन वाढलं. तबकडी संपली की सगळे त्यांच्याकडे बघत. ते थोडा वेळ छताकडे पाहत आणि म्हणत, “अजून ठरत नाही.”

“बघा!” उण्णी माश म्हणायचे. “आपण लगेच वाहवा करून मोकळे होतो. याला म्हणतात ऐकणं!”

कधी ते नुसतेच “हूं” करत. त्या ‘हूं’वर पवित्रन आणि वल्लभजी यांच्यात एकदा पाऊण तास वाद झाला होता. दुसऱ्या गावचे रसिक आले की त्यांना बीरानिक्कांच्या शेजारी बसवण्यात येई. चार वर्षांत माणूस नुसत्या बहिरेपणावर इतका वर चढल्याचं दुसरं उदाहरण त्या गल्लीत नसेल.

घात केला तो मुलीनं. शाहिना कन्नूरहून माहेरी आली, दोन दिवस बापाशी ओरडून ओरडून तिचा घसा बसला आणि तिसऱ्या दिवशी तिनं त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं.

“उप्पा, नाही म्हणायचं नाही.”

“काय?”

“हेच. हेच म्हणतेय मी.”

शेंगदाण्याएवढं यंत्र कानामागे बसलं आणि बीरानिक्का दवाखान्याच्या पायरीवर तसेच उभे राहिले. कावळा एवढा कर्कश असतो हे ते विसरले होते. घरी आल्यावर कळलं, की बायको, कुंजीबी, पुटपुटते ते सगळं त्यांच्याबद्दलच असतं. पण संध्याकाळी शेजारच्या घरातून कुणाच्या तरी रेडिओवर सारंगी ऐकू आली, तेव्हा या सत्तरीच्या माणसानं भिंतीला कान लावला आणि तोंडावर रुमाल धरला. कुंजीबीनं विचारलं, “दात दुखतोय?” ते म्हणाले, “हो.”

रविवारी ते मंडळात गेले, ते नव्या नवरदेवासारखे. यंत्र लहान होतं, टोपीखाली झाकलं जात होतं. उण्णी माशनी मंडळाचं भूषण बाहेर काढलं: मुनीरबाईंचा मुलतानी. ही तबकडी वर्षातून पाच-सहा वेळा वाजायची. मुनीरबाईंच्या ‘मर्दानी, खोल, संथ’ आवाजावर माशनी एका मासिकात अठरा पानांचा लेख लिहिला होता आणि त्याची प्रत चौकट करून भिंतीवर लावली होती.

सुई टेकली. बीरानिक्का सरसावून बसले. आणि दचकले.

बाई गात नव्हती. कुणीतरी बाईला गाळातून ओढत नेत होतं. तबला असा पडत होता, की तबलजीला दोन ठोक्यांच्या मध्ये डुलकी लागावी. एकेचाळीस वर्षं लाकडावर टिचकी मारून आतली पोकळी ओळखणारा माणूस तो. त्यांनी तबकडीचं वेष्टन उचललं, त्यावर छापलेला वेळ वाचला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

तबकडी संपली. नेहमीप्रमाणे सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“यंत्र मंद चालतंय,” बीरानिक्का म्हणाले.

कुणाला काही समजेना. ते एवढं मोठं वाक्य कधी बोललेच नव्हते.

“इथं एकोणीस मिनिटं लिहिलंय. लागली साडेएकवीस. पट्टा सैल झालाय. बाईचा आवाज पुरुषासारखा नाहीये माश, यंत्रानं तो खाली ओढलाय.”

उण्णी माशनी भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग बीरानिक्कांकडे. “मुलतानी ऐकताना तुम्ही घड्याळ बघत होता?”

“बघितलं म्हणून तर कळलं.”

“घड्याळ बघून फार तर बस पकडता येते, बीराना. राग नाही.”

पवित्रननी तेवढ्यात टोपीखालचं यंत्र पाहिलं. दातांचे असले तरी डॉक्टरच ते. “अहो, तुमच्या कानात काय आहे? ते काढा आधी! यंत्रानं ऐकलेलं काय खरं धरायचं?”

“आणि ते समोर फिरतंय ते काय आहे?” बीरानिक्कांनी तबकडीकडे बोट दाखवलं.

वाद चिघळला. शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. तबकडीयंत्राचा वेग बरोबर आहे, या बाजूनं सात हात वर आले. वल्लभजी शेठ तटस्थ राहिले, कारण यंत्र त्यांचं होतं. बीरानिक्का एकटे विरुद्ध. पट्ट्याचं तसं बहुमतानं ठरल्यावर चहा आला, पण बीरानिक्कांच्या पेल्यात लिंबू पिळायला लोक विसरले. जिना उतरताना त्यांना वरचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. यंत्राचा तोही एक तोटा. पवित्रन म्हणत होते, “बहिरा माणूस आणि एवढे दिवस आपल्याला शिकवत होता!”

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. यंत्र कपाटात ठेवलं. कुंजीबीला ते परवडलं. तिनं दोन दिवसांत चार वर्षांचं बोलून घेतलं.

मंगळवारी दुपारी दार वाजलं. उण्णी माश हातात काळ्या हलव्याचा पुडा घेऊन उभे होते. बसले, हलवा पुढे सरकवला, पंख्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग खुर्ची इतकी जवळ ओढली, की गुडघ्याला गुडघे लागले.

“ते... कानातलं... कुठं मिळालं?”

बीरानिक्कांनी कपाटातून यंत्र काढून कानात घातलं आणि म्हणाले, “पुन्हा बोला.”

“कुठं मिळालं म्हणतो! हळू बोला, मला काही फरक पडत नाही तसा. म्हणजे, डाव्या कानानं बरं येतं. उजव्यानं...” त्यांनी हात झाडला. “सहा वर्षं झाली.”

“आणि लेख?”

“लेख तीन वर्षांपूर्वीचा.”

बीरानिक्कांनी हलव्याचा एक तुकडा त्यांच्यापुढे धरला.

“मग लिहिलात कसा?”

“वेष्टनावर बाईंचा फोटो आहे ना,” माश म्हणाले. “चेहरा जरा भारदस्त वाटला.”

आधी बीरानिक्का हसले. मग माश हसले, पण उशिरा, कारण त्यांना ते दिसल्यावर कळलं. बुधवारी दोघं एकाच रिक्षातून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. माशनी यंत्र शक्य तितकं लहान मागितलं आणि वर केस थोडे वाढवायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी उण्णी माशनी सभा सुरू होण्याआधीच जाहीर केलं, की अध्यक्षांनी यंत्राचा सखोल अभ्यास केला असून पट्टा बदलला आहे. बीरानिक्कांचं नाव त्यांनी घेतलं नाही. बीरानिक्कांनी ते मनावर घेतलं नाही. कानात यंत्र असलेल्या दोनच माणसांना मुनीरबाई ऐकायची घाई झाली होती.

सुई टेकली. बाईचा आवाज निघाला तो कोवळा, धारदार, थोडा खट्याळ. वीस-बावीस वर्षांची मुलगी असावी. ताना अशा धावत होत्या, की बीरानिक्कांच्या हाताचे केस उभे राहिले. त्यांनी माशकडे पाहिलं. माशचे डोळे भरले होते आणि नजर भिंतीवरच्या चौकटीकडे होती.

“काय घाई लागलीय हिला?” पवित्रन म्हणाले.

“मुनीरबाईंची ती खोली गेली,” दुसरा म्हणाला.

“पोरकट वाटतं हो. आमच्या मुनीरबाई नाहीत या.”

ठराव मांडायला वेळ लागला नाही: मुनीरबाई यापुढे जुन्याच पट्ट्यावर वाजवाव्यात. सहा हात वर गेले. वल्लभजी तटस्थ राहिले. सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. माशनी घसा खाकरला, बीरानिक्कांची नजर चुकवली आणि म्हणाले, “सभासदांच्या भावना... मंडळ शेवटी सभासदांचं असतं.” आणि त्यांनीही हात वर केला.

बीरानिक्कांचा हात खालीच राहिला. जिन्यात मात्र त्यांनी माशना गाठलं. “लाज वाटत नाही का हो?”

“वाटते,” माश म्हणाले. “पण अठरा पानं आहेत, बीराना. अठरा.”

गुरुवारी दुपारी ते पुन्हा बीरानिक्कांच्या दारात हजर. या खेपेला हलवा नव्हता. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली मुनीरबाईंची तबकडी होती. शाहिनानं बापाला एक जुनं तबकडीयंत्र घेऊन दिलं होतं, त्याचा पट्टा माशनी स्वतःच्या हातानं ताणून पाहिला. दोघं समोरासमोर बसले. दोघांच्याही कानात शेंगदाणा. बाई गायला लागली आणि ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

कुंजीबी मासळी साफ करता करता दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिनंही ऐकलं.

“ही पोर कोण?” तिनं विचारलं. “गाते की भांडते?”

“दोन्ही,” माश म्हणाले.

“मग ठीक आहे,” कुंजीबी म्हणाली आणि सुरी बाजूला ठेवून उंबऱ्यावर टेकली.