कार्डावरचा मुलगा

आठवड्यातून दोनदा मला हार्ट अटॅक येतो. सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी दोन ते चार. बुधवारी कधीकधी पायही मोडतो, पण कण्हायला मला नीट जमत नाही असं मॅडमचं मत आहे.

आमच्या कॉलेजात तळमजल्यावर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा कोर्स. चौतीस वर्षं मी खाली होतो. पोरांच्या हातात कानस द्यायची, लोखंडाचा तुकडा वाइसच्या पकडीत आवळायला लावायचा आणि सांगायचं, ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच घास, मनाचं काही घालू नकोस. अर्धा मिलिमीटर जरी कमी भरला तरी तुकडा भंगारात. पोरं पाठीमागे मला 'काटकोन' म्हणायची. मला ते कळायचं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

रिटायर झालो आणि वर्षभरात बायको गेली. घरात आवाज म्हणून फ्रिजचा तेवढा उरला. तेव्हा वरच्या कोर्सच्या मॅडम म्हणाल्या, "सर, आम्हाला खोटे पेशंट लागतात, याल का?" या मॅडम म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी, पहिलं वर्ष खाली काढलं आणि मग इंजिनिअरिंग सोडून वर गेली. मी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी पावणेदोनलाच खाटेवर जाऊन पडलो.

काम सोपं आहे. आज मला काय झालंय ते लिहिलेलं एक कार्ड मिळतं. विद्यार्थी येतो, नाडी धरतो, प्रश्न विचारतो, मी कार्डावरची उत्तरं देतो. हार्ट अटॅकचं कार्ड सात नंबरचं. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय. गोळ्या कुठल्या चालू आहेत असं विचारलं तर मी फक्त 'ठाऊक नाही' म्हणायचं; ते ठाऊक मुलाला, आणि मुलगा दाराबाहेर उभा आहे. विद्यार्थ्याने विचारायचं, कुणाला कळवू? मी मुलाचं सांगायचं. मग त्याने दार उघडून मुलाला विचारायचं. मुलगा म्हणजे मॅडमच. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, असं त्या सांगतात, म्हणजे अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. मुलाला न विचारता दिली तर तिथल्या तिथे नापास.

मला ते कार्ड म्हणताना बरं वाटायचं. माझा खरा मुलगा दुसऱ्या देशात असतो. आई गेली तेव्हा तो एक दिवस उशिरा पोचला आणि मी त्याला चार लोकांसमोर नको नको ते बोललो. माझी जीभ म्हणजे कानसच. तो गेला तो गेलाच, त्याला चार वर्षं झाली. कॉलेजात मात्र मी सगळ्यांना सांगत असे की मुलगा-सून माझ्याजवळच असतात. चार वाजले की "निघतो, सून चहाला थांबली असेल" म्हणायचं आणि घरी येऊन स्वतःच एक कप चहा टाकायचा.

तर शेवटच्या परीक्षेचा दिवस. एकतीस विद्यार्थी. मॅडम बाहेर मुलगा होऊन उभ्या, आत मी आणि येईल तो. एकेक जण यायचा, उभ्यानेच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत प्रश्न फेकायचा, मी उत्तर फेकायचो. बावीस नंबरची मुलगी आली. तिने आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. "काका, हात गार आहेत माझे, एक मिनिट हं," म्हणाली. मग स्टूल ओढून माझ्या तोंडासमोर बसली आणि नाडी धरली. सगळं विचारून झालं, तसं तिने लिहिणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, कुणाला कळवू? कोण आहे तुमचं?"

आणि वाट बघत बसली. चार वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारणारे विचारत होते, पण भिंतीवरच्या घड्याळाला.

"कुणी नाही," मी म्हणालो.

"कुणीच नाही?"

"कुणी नाही गं."

"बरं. मग मी थांबते तुमच्यापाशी," ती म्हणाली. लिहून घेतलं आणि अ‍ॅस्पिरिन म्हणून ठेवलेली पेपरमिंटची गोळी माझ्या हातावर ठेवली. ती चघळताना आपण काय करून बसलो ते माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी गप्प राहिलो.

संध्याकाळी बोर्डवर निकाल लागला. तीस पास, बावीस नंबर नापास. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. एक तारखेपासून तिला अ‍ॅम्ब्युलन्सवर नोकरी लागणार होती, ती सर्टिफिकेट असेल तरच. जिन्यात ती मला भेटली. डोळे लाल होते. "काका, बाकीच्यांना तुम्ही मुलाचं सांगितलंत म्हणे," ती म्हणाली. "माझीच विचारण्याची पद्धत चुकली असणार. अजून खोदून विचारायला हवं होतं."

"होईल गं पुढच्या वेळी," असं म्हणून मी शेपूट घालून घरी आलो. आयुष्यभर दुसऱ्यांचे तुकडे भंगारात फेकले आणि स्वतःचा खिशात लपवला. इतकी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमच्या खोलीत गेलो. टेबलावर कागदांवर एक लोखंडी तुकडा ठेवलेला असतो. मॅडमनीच पहिल्या वर्षी घासलेला. सहा वेळा मी परत केला होता.

"बावीस नंबरची चूक नाही," मी उभ्यानेच म्हणालो. "मी कार्डाबाहेरचं बोललो. कुणी नाही म्हणालो."

"का, सर?"

"कारण कुणी नाही. मुलगा बोलत नाही माझ्याशी. सून, चहा, सगळ्या थापा. मला काढून टाक हवं तर, पण पोरीची परीक्षा परत घे."

ती जरा वेळ तुकडा इकडून तिकडे सरकवत राहिली. "मागच्या वर्षी तुम्हाला इथे खरी चक्कर आली होती, आठवतंय? तुमच्या फॉर्मवर मुलाचा नंबर होता, तो मी लावला. तुमच्याच खिशात वाजला."

मी नकळत खिशावर हात ठेवला.

"तुम्ही फोन काढून बंद केलात आणि म्हणालात, मुलाचाच फोन होता, मीटिंगमध्ये असतो, नंतर बोलेन."

"मग तेव्हाच तोंडावर का नाही बोललीस?"

"तुम्ही मला सहा वेळा परत पाठवलं होतंत, सर. पण वर्गासमोर कधी नाही," ती म्हणाली आणि एक कागद पुढे केला. "पेशंटने चूक लिहून दिली तरच फेरपरीक्षा घेता येते. ऑफिसात सगळे वाचतील मात्र."

कागदावर एक रकाना होता, कार्डाऐवजी दिलेलं उत्तर. अक्षर सरळ काढलं. 'कुणी नाही.' खाली सही केली.

त्याच दुपारी बावीस नंबर परत आली, तेच कार्ड, तीच खाट. घाबरलेली होती, तरी हात चोळायला विसरली नाही. स्टूल ओढून बसली.

"काका, कुणाला कळवू?"

"मुलाला," मी म्हणालो. "बाहेर उभा आहे."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उठली आणि दाराशी गेली. "पेशंटचा मुलगा कोण आहे? जरा आत येता का?"

कार्डावर लिहिलंय की इथे पेशंटने डोळे मिटून पडायचं. मी दाराकडे बघत राहिलो, मॅडम आत येईपर्यंत.