अळणी

"खायचं न्हाय. मेलात तरी बेहत्तर, पर घोड्याच्या मटणाला तोंड लावायचं न्हाय. ह्यो माझा हुकूम हाय."

हा हुकूम मी माझ्या सासऱ्यांच्या तोंडून दर खंडेनवमीला ऐकत आले. तलवारीला झेंडूची माळ चढली की मामंजी कोटावर बिल्ले लावून ओसरीवर बसायचे, आळीतली माणसं जमायची, आणि मग तो पहिल्या मोठ्या लढाईतला, बसऱ्याच्या पलीकडचा वेढा सुरू व्हायचा. चारी बाजूंनी तुर्क, दाणागोटा संपलेला. गोऱ्या साहेबांनी पलटणीची घोडी मारून शिधा म्हणून वाटायला काढली. आणि सुभेदार आबासाहेबांच्या, म्हणजे मामंजींच्या, कंपनीनं तोंड फिरवलं. "माझी पोरं मेली," मामंजी म्हणायचे, "पर बाटली न्हाईत." ऐकणाऱ्यांचे हात आपोआप जोडले जायचे.

मेलेल्यांत माझा थोरला भाऊ होता. हिंदुराव. त्याच्या सुभेदाराच्या घरी मला दिली, ती आमच्या वडिलांना त्यात मान वाटला म्हणून. दादा उपाशी गेला पण परक्या अन्नाला शिवला नाही, हे ऐकलं त्या दिवशी मी परान्न सोडलं. दुसऱ्याच्या चुलीवरचं काही खायचं नाही, आणि घरचंही दिवेलागणीनंतर एकदाच. लग्नाकार्याला गेले तरी पाण्यावर परत यायचे. बायका म्हणायच्या, "मथुराबाई, एवढं कडक कशापायी?" मी हसायचे. दादाचं नाव सगळीकडे काय घ्यायचं!

मामंजींचाही एक नेम होता. निदान मी तो नेम समजले. त्यांना रोज संध्याकाळी मटणाचं पाणी लागायचं, आणि ते अळणी. मिठाचा एक खडा पडला तरी वाटी भिंतीवर जायची. माझ्या गळ्यात माळ, म्हणून मी ते परसात वेगळ्या चुलीवर रांधायचे आणि मग अंघोळ करून देवाजवळ बसायचे. वास नाकातून जायचा नाही. पण मनात म्हणायचे, एवढ्या मोठ्या माणसानं मेलेल्या पोरांसाठी मीठ सोडलंय, आपण वासाचं काय घेऊन बसलोय. आम्ही बायका नाही का एखाद्या वारी अळणी धरत? तसंच ते. आळीतही मीच सांगितलं होतं. ऐकून म्हाताऱ्या बायका त्यांच्या पाया पडून गेल्या होत्या. मामंजींनी पडू दिलं होतं.

मार्गशीर्षात होटगीहून केराबाई आली. तिचा नवरा ज्ञानबा दादाच्याच कंपनीतला, आता रेल्वेत खडी टाकायच्या कामावर. वेढ्यात त्यानं ते मटण खाल्लं होतं, आणि तो जिवंत परतला. मामंजींनी भावकीत एक वाक्य टाकलं, "माझ्या कंपनीत एकच बाटला," आणि त्या दिवसापासून ज्ञानबाच्या घरी कुणी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला नव्हता.

केराबाई परसदारानं आली. उंबऱ्याच्या आत काही आली नाही.

"आक्का, आमच्या पोरीचं, वच्छलाचं लगीन ठरलंय. दुधनीचं स्थळ हाय. मानसं बरी हायती, पर त्येंचा म्हातारा म्हनतोय, सुभेदाराच्या घरचं कुनी तुमच्यात जेवलं तर आमीबी जेवू. न्हायतर वरात माघारी."

"ज्ञानबाभाऊजी काय म्हणतात?"

"ते काय म्हनत्यात! तेच ते. हिंदुस्थानातनं परवानगी आल्ती, देवाधर्माच्या मानसांनी खावा म्हनून सांगितल्तं, दुसऱ्या कंपनीत सगळ्यास्नी कळलं हुतं. हितं कोन ऐकतंय? सुभेदार खोटं म्हनले, मग खोटंच की." मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुमच्या दादाच्या तोंडाशी ह्येंनी वाटी धरल्ती, आक्का. त्येंनी तोंड फिरवलं. म्हनाले, सुभेदार खोटं बोलायचे न्हाईत."

मला दादाचा आवाजच ऐकू आल्यासारखं झालं. तो असंच म्हणाला असणार.

"वैनी, या घरचं कुणीतरी तुमच्या पंगतीला बसेल," मी म्हणाले. "तुळशीसमोर सांगते." मला वाटलं होतं मामंजी ऐकतील. मीठ सोडलेला माणूस एका पोरीच्या लग्नासाठी मन मोठं करणार नाही?

त्या संध्याकाळी मामंजींचे जुने सोबती रावजी जमादार वेळापूरहून आले होते. तेही त्या वेढ्यातले, पण दुसऱ्या कंपनीचे. दोघांनी बाटली काढली होती. मी वाटी घेऊन दाराशी आले, तेवढ्यात रावजी हसत म्हणाले, "सुभेदारसाब, अजून अळणीच व्हय? पेन्शनीत मीठ बसत न्हाय का काय?"

"आरं, तुला सांगायला पायजे का?" मामंजी म्हणाले. "साहेबाच्या तंबूतला त्यो रस्सा इसरलास? मीठ कवाच संपल्तं. नुसतं घोड्याचं पानी. पैल्या दिवशी ओकलो. मग जी चव जिभेवर बसली, ती बसलीच बघ. आता मीठ पडलं की कायतरी चुकल्यागत लागतंय."

वाटी माझ्या हातात होती. गरम होती. वर तेलाचे डोळे तरंगत होते.

रावजींचं हसू थांबलं. "आन् भायेर पोरं पडल्ती तुमची."

"पडनारच."

"परवानगी तर आल्ती, सुभेदारसाब. आमच्यात वाचून दाखवली. तुमच्यात..."

"साहेब मला म्हनला, सांगा तुमच्या मानसांना. मी म्हनलं, सांगतो. न्हाय सांगितलं." मामंजींनी पेला ठेवल्याचा आवाज आला. "का सांगू? उद्या गावाकडं बोट कुनाकडं दावलं असतं? सुभेदारानं कंपनी बाटवली म्हनले असते. आता काय म्हनत्यात? पाया पडत्यात. शिपायाचं काय रं, भरतीच्या तंबूम्होरं रांग लागती. अधिकारी जगला तर पलटन जगती."

"हिंदुराव चांगला गडी हुता," रावजी हळूच म्हणाले.

"लई हट्टी. सरळ इचारायला आला, परवानगी आली म्हनत्यात, खरं का? म्हनलं, खोटं हाय. सलाम ठोकला आन् जाऊन पडला." आणि मग जरा मोठ्यानं, "सूनबाई! पानी थंड करतीस का काय?"

मी आत गेले. वाटी ठेवली. त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, सुर्रकन ओढली, हाड तोंडात धरून चोखलं, आणि मिशीवरचं तेल बोटानं पुसून ते बोटही चाटलं. इतकी वर्षं रोज पाहिलेलं. त्या दिवशी मी परसात जाऊन ओकले. हा माणूस तंबूत जे पीत होता, तेच मी त्याला रोज शिजवून घालत होते. माळ सांभाळून. व्रत समजून!

दुसऱ्या दिवशी हे गिरणीत गेले. यांना सांगून उपयोग नव्हता. वडिलांपुढे यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मीच ओसरीवर गेले, खाली बघत म्हणाले, "मामंजी, होटगीला लग्न आहे. तुम्ही भावकीत एकदा सांगा की परवानगी आली होती. दुसरं काही सांगू नका. तेवढंच."

ते बिल्ले घासत होते. घासायचे थांबले नाहीत.

"दारामागं हुबी ऱ्हाऊन ऐकतीस व्हय?"

मी ओसरीचा खांब धरून उभीच राहिले.

"कुनाला सांगितलंस तर कोन मानंल? गावात इचार, सुभेदार खरा का त्यो खडी फोडनारा."

"मग मी जाते. मी जेवते त्यांच्यात."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि हसले. अगदी मायेनं हसल्यासारखे. "तुझा नेम हाय न्हवं परान्नाचा? भावाच्या नावचा? त्यो उपाशी मेला नि तू बाटग्याच्या पंगतीला बसनार? त्येच्या जिवाला काय वाटंल, पोरी?" मग बिल्ल्यावर फुंकर मारून म्हणाले, "जायचं न्हाय. खायचं न्हाय. ह्यो माझा हुकूम हाय."

असंच सांगितलं असेल दादाला. याच आवाजात. त्याच्या धर्माचीच दोरी त्याच्या गळ्यात घातली, आणि दोरीला गाठ मारून हा माणूस तंबूत जेवायला गेला. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग धुऊन निघतो. ही किळस होती, ती बोटांना चिकटली होती. त्यांचे कपडे वाळत घालताना, त्यांचं अंथरूण झटकताना, त्यांच्या पाया पडताना.

लग्नाच्या दिवशी पहाटे गिरणीच्या भोंग्याआधी उठले. देवापुढे दिवा लावला आणि तुळशीचं पान हातात घेऊन बसून राहिले. नेम सोडायचा तर काय म्हणून सोडायचा, ते सुचेना. शेवटी म्हणाले, "देवा, दादानं एका खोट्या शब्दापायी घास सोडला. त्याच खोट्यावर मी माझा नेम बांधला. ज्ञानबाभाऊजींनी त्याच्यासमोर जी वाटी धरली होती, ती आज मी घेते. पाप असलं तर माझं." पान देवाच्या पायांशी ठेवलं.

परसातली चूल त्या दिवशी पेटवली नाही. मटणाचं भांडं राखेनं घासून पालथं घातलं.

यांना उठवून सांगितलं, होटगीला जाते, जेवून येईन. "जेवून?" म्हणाले. मी मान हलवली. ते उठून बसले, ओसरीकडे पाहिलं, मग उशाखाली हात घालून गाडीभाड्याचे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले.

ओसरीवर मामंजी जागे होते. "सूनबाई," त्यांनी हाक मारली, "कुटं निगालीस?"

मी वच्छलासाठी घेतलेलं खण-नारळ पदराखाली धरलं, पायरी उतरले आणि स्टेशनची वाट धरली.