न उघडणाऱ्या फाइलीचा थाट

टक्. दुपारच्या शांत घरात संगणकाचं बटण दाबल्याचा आवाज झाला आणि मी जागी झाले.

मित्रांनो, मी या घरातली एक जुनी फाइल आहे. माझ्यात गाणं नाही, चित्र नाही. मला उघडू गेलात तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं उमटतील. तरीही माझा थाट मोठा आहे, आणि तो मी कमावलेला आहे.

या घरातली मुलगी पाळण्यात होती तेव्हा आजोबांनी तिला कोल्ह्याची गोष्ट सांगितली होती. तिच्या आईने ती त्यांच्याच आवाजात संगणकात साठवली. आजोबा गेले, आवाज राहिला. मुलीचा मामा संगणक दुरुस्त करतो. संगणकाला डिस्क एकच, म्हणून त्याने तो आवाज ठणठणीत असतानाच त्याचं गणित मांडलं आणि त्या गणितातून मला घडवलं. आवाजात काही बदललं तर मी सांगायचं, आणि बिघाड थोडका असेल तर भरूनही द्यायचा, हे माझं काम.

पण कामाशिवाय बसलेल्याला कोण विचारतो? वर्षं गेली. डिस्क भरली आणि आई साफसफाईला बसली. तिने भावाला फोन लावला.

"अरे, ही कसली फाइल? उघडत नाही, वाजत नाही. ठाण मांडून बसलीय नुसती. टाकू का काढून?"

"ताई, तिला हात लावू नकोस. उलट तिलाच विचार, बाबांचा आवाज धड आहे का."

"धड नसायला काय झालं? मी त्याला बोटही लावलं नाही."

"डिस्क म्हातारी झाली की न सांगता बिघडते. चोरी होते आणि कुलूप जागच्या जागी."

त्याने सांगितलं तशी तिने तपासणी लावली. मी कण न् कण ताडून पाहिला. एका जागी जुळेना. आईने गोष्ट वाजवली. कोल्हा विहिरीत पडला आणि आजोबा हसायचे तिथे नुसतं 'खर्र' झालं.

"पेनड्राइव्हवर नक्कल आहे ना. परवाच काढली," ती घाईघाईने म्हणाली.

"परवाची? मग बिघडलेल्याचीच नक्कल ती. जुनी?"

"जुनी पुसून तिच्याच जागी ही काढली रे."

आता चांगल्या आवाजाची खूण साऱ्या जगात एका माझ्याकडे होती. मी माझं गणित पुढे केलं. हरवलेले कण एकेक करून जागेवर बसले. तिने पुन्हा वाजवलं. कोल्हा पडला, आणि आजोबा पोट धरून हसले.

"हिला टाकायला निघाले होते मी," आई म्हणाली. तेव्हापासून माझा मान राणीचा.

मित्रांनो, जे जपायचं त्याची राखण ते धडधाकट असतानाच नेमा, आणि तिला अधूनमधून विचारत जा. डिस्कच गेली तर मीही तिच्याबरोबर जाईन, म्हणून आवाज आणि मी, दोघांचीही नक्कल दुसरीकडे ठेवा. आईने ठेवली आहे.

त्या दुपारी मुलगी आईच्या मांडीवर बसून सगळं बघत होती.

"आजोबा खरंच असे हसायचे?"

"अगदी असेच. मला पक्कं आठवतंय."

मुलीने पडद्यावरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं.

"पण आई, तुझ्या आठवणीतले आजोबा न सांगता बदलले असतील, तर तुला कोण सांगणार?"