गुलाबी होईपर्यंत

धुळ्याच्या एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत मी जूनमध्ये लागलो. साल अठ्ठ्याऐंशी. सहा महिने तात्पुरता, काम पसंत पडलं तर डिसेंबरात कायम. काम एकच, दिवसातून पंचवीस-तीस वेळा करायचं: टँकरमधून आलेल्या तेलाची आम्लता मोजायची. फ्लास्कमध्ये तेल आणि स्पिरिट घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या निर्देशकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून ब्युरेटमधला, म्हणजे खुणांच्या काचनळीतला, कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा. द्रव फिक्का गुलाबी झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. गिरणीच्या छापील फॉर्मवरही तसंच होतं : ‘गुलाबी होईपर्यंत’.

फिक्का गुलाबी मला दिसत नाही. रंग चांगला गडद झाला की काहीतरी निळसर राखाडी जाणवतं, पण तोवर आठ-दहा थेंब जास्त गेलेले असतात. लाल आणि हिरवा माझ्यासाठी एकमेकांत मिसळतात, गडद लाल तर काळाच. जळगावला बी.एस्सी. करताना प्रॅक्टिकलचा जोडीदार ‘थांब!’ म्हणायचा आणि मी थांबायचो. गिरणीत ते काम भागाबाई करायची. ती काचसामान धुवायला होती. हात पुसत माझ्या खांद्यामागे उभी राहायची आणि म्हणायची, “उनी भाऊ, उनी!” म्हणजे आली. मी तोटी बंद करायचो. चार महिन्यांत आमचा एकही आकडा कोणी परत तपासायला लावला नाही. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नाही.

दसऱ्याला सगळं उघड झालं.

त्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा असते, प्रयोगशाळेत तराजूची आणि ब्युरेटची. मुख्य केमिस्ट झुलाल नाना पाटील यांनी ताट माझ्या हातात दिलं. “शिकलेला माणूस आहेस, तू लाव.” ताटात हळद, कुंकू आणि बुक्का अशा तीन वाट्या. बुक्का मी एरवी वासानं ओळखतो, पण उदबत्त्यांच्या धुरात सगळा वास एकच झाला होता. मी तराजूला, ब्युरेटच्या स्टँडला, भट्टीच्या दाराला एकेक बोट लावत गेलो. मागं बोलणं थांबलं, तेव्हा वळून पाहिलं.

“अरे, काळं फासलंस?” नाना म्हणाले. “सणाच्या दिवशी?”

कोणीतरी हसलं. “सायबाला सुतक असंल.”

भागाबाईनं पदरानं तराजू पुसला आणि स्वतः कुंकू लावलं. नाना मात्र माझ्याकडे बघतच राहिले. बत्तीस वर्षं त्यांनी फ्लास्कमधले रंग पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन फ्लास्क पुढं ठेवले. “गुलाबी कुठला?”

“नाही सांगता येत, नाना.”

“मग चार महिने काय करत होतास?”

मी भागाबाईचं सांगितलं.

“म्हणजे रिपोर्टवर सही तुझी आणि डोळे बाईचे! उद्या गेटवर आंधळा वॉचमन ठेवू, शेजारी एक सांगणारा ठेवू.”

“नाना, माणूस नको. फक्त दुसरा निर्देशक द्या. थायमॉलफ्थॅलीन. तो गुलाबी होत नाही, निळा होतो. निळा मला तुमच्याइतकाच दिसतो. लहानशी बाटली पुरेल.”

“लेखी अर्ज कर.”

मी अर्ज केला. आठवडाभरानं विचारलं तर अर्ज खरेदी विभागात होता. तिथले म्हणाले, प्रयोगशाळेची शिफारस नाही. नाना म्हणाले, खरेदीकडून मागणीचा फॉर्म आला नाही. फॉर्म नानांच्याच कपाटात होते. शेवटी एका रविवारी मी जळगावला जाऊन कॉलेजच्या सरांकडून चिमूटभर पावडर मागून आणली, स्पिरिटमध्ये विरघळवली आणि बाटलीवर चिठ्ठी लावली. मग वीस नमुने घेतले. प्रत्येक नमुना नानांनी त्यांच्या पद्धतीनं केला, मी माझ्या. भागाबाईला मी मुद्दाम बाहेर पाठवलं होतं. निळा रंग किंचित उशिरा येतो, म्हणून नुसत्या स्पिरिटवर तेवढा फरक मोजून आधी वजा केला होता. वीसपैकी अठरा आकडे तंतोतंत जुळले. दोन सरकीच्या तेलाचे होते, त्यांत दोन थेंबांचा फरक आला. सरकीचं कच्चं तेल इतकं काळपट असतं, की त्यात गुलाबी कोणालाच नीट दिसत नाही. तो फरक माझा नव्हता, असं मला वाटलं आणि मी तसं बोललो. बोलायला नको होतं.

नानांनी कागद दोनदा वाचला. “बरोबर आहे,” ते म्हणाले. मला वाटलं, झालं.

“पण फॉर्मवर काय छापलंय?”

“नाना, फॉर्म बदलता येतो.”

“पाच हजार छापून पडलेत. आणि तुझ्या डोळ्यांसाठी गिरणीची पद्धत बदलायची?”

“पद्धत तीच आहे. बाटली वेगळी आहे.”

“वाद घालू नकोस.”

डिसेंबरात पत्र आलं. नोकरी कायम, पण प्रयोगशाळेत नाही. गेटजवळच्या वजनकाट्यावर. मी कायम झालो म्हणून घरी पेढे वाटले. मी केमिस्ट राहिलो नाही, हे चाळीसगावला वडिलांना समजावून सांगणं मला जमलं नाही.

काट्यावरचं काम सोपं. प्रयोगशाळेतून चिठ्ठी येते. माल पास असेल तर ड्रायव्हरला हिरवा पत्र्याचा बिल्ला द्यायचा, नापास असेल तर लाल. दोन्ही गोल, दोन्ही एकाच मापाचे, एकाच खोक्यात. पहिले दोन दिवस मी चिठ्ठी वाचून दाखवायचो आणि खोक्यातला बिल्ला गेटवरच्या वॉचमनला काढायला लावायचो. रंग ओळखता येत नाही म्हणून मला ज्या कामावरून काढलं, त्यात निदान एक निळी बाटली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागाबाई आली.

“अभिमनभाऊ, नानांनी इचारं शे. ती तुमनी निळी बाटली सरी गयी. परत कोठे भेटी?”

“सरली? कोण वापरत होतं?”

“नानाच. सरकीना तेलले तीच वापरतस. बठ्ठास्ले सांगतस, यान्हामा सोपं पडस म्हने.”

सगळ्यांना सांगतात, यात सोपं पडतं म्हणून! फॉर्म तोच होता ना? पाच हजार?

“अक्का, त्यांना सांग, लेखी अर्ज करा म्हणावं.”

ती हसली नाही. “सांगू का खरंच?”

“सांग.”

ती निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं आणि बिल्ल्यांचं खोकं टेबलावर उलटं केलं. “आधी यातले लाल वेगळे काढून दे.”

तिनं खाली बसून दोन ढीग केले. गेटबाहेर दोन ट्रक भोंगे वाजवत होते. मी वर्कशॉपमधून पत्रा कापायची कात्री मागून आणली आणि लाल ढिगातल्या एकेका बिल्ल्याची कड बोटाला लागेल अशी कापायला लागलो. परवानगी कोणाची घेतली नाही.